दोन शहरांच्या मधले गाव

चौकच्या डोंगरावर, धारावी किल्ल्याच्या उरल्यासुरल्या दगडांपाशी, पावसाळा सरल्यावर एखाद्या स्वच्छ सकाळी उभे राहावे. उत्तरेला वसईची खाडी समुद्राला मिळते आणि तिच्या पलीकडे झाडांच्या गर्दीत वसईचा कोट दिसतो. दक्षिणेला मनोरीच्या खाडीपल्याड मालाड-बोरिवलीच्या उंच इमारती धुरकट हवेत एकमेकींना खेटून उभ्या असतात. पायथ्याशी चौक, पाली, भाटेबंदर आणि उत्तन. बंदरात नांगरलेल्या नौकांवर रंगीत निशाणे, किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्या, आणि त्या सगळ्यांच्या वर देवळांचे क्रूस.

रविवारी मुंबईहून येणारा पाहुणा हे दृश्य पाहतो आणि ठरलेले वाक्य बोलतो : "किती शांत आहे हो तुमचे गाव! मुंबईच्या इतक्या जवळ असून!" आपण यजमान म्हणून हसतो, त्याला पाणी देतो, आणि विषय संपतो. परंतु त्या वाक्यातील अचंबा खरा आहे. वांद्रे, मालाड, बोरिवली ही गावेसुद्धा एके काळी अशीच होती. महानगराने ती पोटात घेतली. मग उत्तन कसे राहिले? आपल्या पूर्वजांच्या पुण्याईने, असे म्हणणे सोपे आहे. इतिहास मात्र वेगळे कारण सांगतो, आणि ते जाणून घेणे आजच्या घडीला आपल्याच हिताचे आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपल्या या बेटाचे जुने नाव धारावी बेट. धारावी म्हटले की आज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे माहीमजवळची दाट वस्ती येते, आणि पोर्तुगीज-मराठा युद्धाचे वाचन करताना कित्येक सुशिक्षित वाचकही 'धारावीचा वेढा' तिकडे झाला असे समजतात. तो वेढा इथला. उत्तन, डोंगरी, पाली, चौक, तारोडी, गोराई, मनोरी, राई, मुर्धा, मोर्वा ही सारी गावे याच परिसरातली. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला मनोरीची खाडी आणि पूर्वेला खाजण व मिठागरे. चहूबाजूंनी पाणी किंवा चिखल. सारी कथा या पाण्यातच आहे.

आपण समजतो की उत्तन हे एका मोठ्या शहराच्या शेजारचे लहान गाव आजकालचे झाले. वास्तविक ते पाचशे वर्षांपासून तसेच आहे. फक्त तेव्हाचे शहर दक्षिणेला नव्हते, उत्तरेला होते. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि पाहता पाहता खाडीच्या पलीकडे एक राजधानी उभी राहिली. गोव्याच्या खालोखाल मान असलेले ते 'उत्तरेचे दरबारी शहर'. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेजुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संघांचे मठ आणि देवळे, उमरावांचे वाडे, न्यायकचेरी, इस्पितळ. नागासाकीला १५९७ मध्ये क्रुसावर प्राण दिलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. १६६१ च्या तहान्वये पोर्तुगालच्या राजकन्येच्या आंदणात मुंबईची बेटे इंग्लंडच्या राजाकडे गेली, तेव्हा वसईच्या एखाद्या उमरावाला कोणी सांगितले असते की ती सात बेटे एक दिवस तुझ्या शहराला झाकोळून टाकतील, तर तो खदखदून हसला असता.

वसई बांधली गेली ती धारावीच्या दगडाने. आपल्या डोंगराचा दगड टणक आणि घडाईला चांगला. तो होड्यांत भरून खाडी ओलांडायचा आणि कोटातल्या भिंतींत, खांबांत, कमानींत बसायचा. तेव्हा आज वसईच्या भग्न देवळांत जाऊन आपण ज्या कमानींकडे मान वर करून पाहतो, त्यांत आपल्या बेटाचा वाटा आहे. आपल्याकडे त्याची खूण काय राहिली? डोंगराला पडलेले खड्डे. शहराने शेजारच्या गावाकडून घ्यायचे आणि गावाने खड्डा जपायचा, हा व्यवहार इतका जुना आहे.

त्याच काळात या बेटावर ख्रिस्ती धर्म रुजला. साष्टीत फ्रान्सिस्कन संघाचे फादर आंतोनियो दो पोर्तो १५४७ पासून काम करू लागले. पुढे जेजुइटही आले. कोळी, आगरी, कुणबी अशा घराण्यांतून आपले पूर्वज या धर्मात आले. कोणी श्रद्धेने आले, कोणी लोभाने, कोणी भीतीने. हे अवघड वाक्य आपल्या नियतकालिकांत सहसा छापले जात नाही. ते छापले पाहिजे असे मला वाटते, कारण पुढे १७३७ मध्ये या मुलखातल्या हिंदू प्रजेने पेशव्यांच्या सैन्याला जी मनापासून साथ दिली, तिचे एक मोठे कारण देवळे पाडण्याच्या आणि सणांवर बंदी घालण्याच्या पोर्तुगीज कारभारात होते. अंजूरचे नाईक बंधू आदी मंडळी उगाच पुण्याच्या वाऱ्या करीत नव्हती. शेजाऱ्याचे दुःख आपण मान्य केले म्हणून आपली श्रद्धा उणी होत नाही.

आता तो वेढा. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ च्या वसंतात ठाणे आणि साष्टी मराठ्यांच्या हाती आली, पण वसई येईना. वसईला जीवन देणारी वाट समुद्राची होती. गोव्याहून येणारी गलबते खाडीच्या तोंडातून आत शिरत. त्या तोंडावर दक्षिणेकडून पहारा करणारी उंच जागा एकच, धारावीचा डोंगर. ज्याच्या हाती हा डोंगर, त्याच्या तोफांखाली वसईचे पाणी. म्हणून दोन वर्षांत या डोंगरासाठी पुन्हा पुन्हा झुंज झाली. तो मराठ्यांनी घेतला, पोर्तुगीजांनी परत मिळविला आणि मार्च १७३९ मध्ये तो कायमचा मराठ्यांकडे आला. त्यानंतर वसई फार काळ तग धरू शकली नाही. मे महिन्यात सुरुंगांनी तटाला खिंडारे पडली, दोन्ही बाजूंची हजारो माणसे मेली, आणि शहराने शरणागती पत्करली. आज किल्ल्याच्या जागी चिमाजी आप्पांचा पुतळा आहे. त्या दिवसांत पायथ्याच्या कोळीवाड्यांचे काय झाले असेल, कोणत्या बाजूच्या सैन्याने कोणाच्या होड्या नेल्या असतील, हे कोणत्याच बखरीत नाही. लढाई डोंगरासाठी होती. गाव वाटेत होते, एवढेच.

शरणागतीच्या अटींप्रमाणे पोर्तुगीज सैन्य मानाने बाहेर पडले. जमीनदार उमराव घराणी गोव्याकडे गेली, युरोपीय धर्मगुरूही गेले. कसणारा कुळवाडी आणि जाळे टाकणारा कोळी मात्र कुठे जाणार? ते राहिले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा धर्मही. त्यांची सेवा गोव्याहून आलेले देशी धर्मगुरू करू लागले. मराठी अमदानीत साष्टीतल्या ख्रिस्ती लोकांचे सण चालू होते. १७६० च्या सुमारास या भागातून गेलेला फ्रेंच प्रवासी आंकेतील-द्युपेराँ याने ठाण्याचा ख्रिस्ती उत्सव बिनदिक्कत पार पडताना पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. ज्या राजसत्तेने आपल्याला ख्रिस्ती केले ती निघून गेल्यावरही आपण ख्रिस्ती राहिलो. आपल्या समाजाच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट मला दिसत नाही. १७३९ नंतर माघारी फिरायला कोणी अडवले नव्हते. मघाच्या त्या लोभाच्या आणि भीतीच्या वाक्याला आपल्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या जगून दिलेले उत्तर ते हेच.

आणि ते मोठे शहर? ते रिकामे झाले. १८२५ मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हेबर वसईला आले, तेव्हा तटाच्या आत पडकी देवळे आणि माजलेली झाडी यांशिवाय फारसे काही उरले नव्हते. ज्या शहरासाठी आपला डोंगर खणला गेला, ज्याच्यासाठी तो रक्ताने भिजला, ते शंभर वर्षांच्या आत रान झाले. खाडीच्या अलीकडे उत्तनचे कोळी नेहमीप्रमाणे बोंबील वाळवीत होते.

पुढे साष्टी १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली, आणि उत्तनच्या नशिबी दुसरे शहर आले. मुंबईने साष्टीकडे पाऊल टाकले ते एकेक खाडी बांधत. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. माहीमचा पूल १८४५ मध्ये खुला झाला आणि वांद्र्याचे वेगळेपण त्या दिवसापासून ओसरू लागले. १८६४ मध्ये बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची गाडी वसईची खाडी ओलांडून मुंबईत शिरली. ही वाट साष्टीच्या पश्चिम अंगाने गेली; भाईंदर तिच्यावर आले. उत्तन मात्र स्थानकापासून आठेक किलोमीटर दूर राहिले, मध्ये मिठागरे आणि खाजण. मनोरीच्या खाडीवर पूल झाला नाही. मार्व्याहून मनोरीला आणि बोरिवलीहून गोराईला आजही होडीनेच जातात. कोणी ठरवून आपल्याला शांत ठेवले नाही. रेल्वेच्या आखणीत आपण थोडे बाजूला पडलो, एका खाडीवर पूल बांधणे कोणाच्या फायद्याचे वाटले नाही, आणि मिठागरावर घरे बांधता येत नव्हती. शांततेची एवढीच कुळकथा.

धर्मसभेच्या कारभारातही असेच बाजूला पडणे होते. पोर्तुगालच्या राजाचा 'पाद्रोआदो' आणि रोमची 'प्रोपगंडा' यांच्यात मुंबईच्या देवळांवरून जो दीर्घ तंटा चालला, त्यात साष्टीची बहुतेक देवळे पाद्रोआदोकडे राहिली. १८८६ च्या करारानंतर ती दमण धर्मप्रांतात गेली, आणि १९२८ मध्ये हा दुहेरी कारभार संपून मुंबईच्या महाधर्मप्रांतात आली. म्हणजे मुंबई डोळ्यांसमोर दिसत असताना आपल्या आजोबा-पणजोबांचे महागुरू मात्र दमणचे. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा खाडी हीच पुन्हा सीमा ठरली. आपण मुंबईकडे राहिलो, भाषेने आणि सोयरिकीने वसईला लागून असूनही.

भाषेचा हा मुद्दा थोडा थांबून सांगण्यासारखा आहे. मुंबईतल्या आपल्या ज्ञातिबांधवांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, कंपनी सरकारच्या काळापासूनचे इथले, हे ठसविण्यासाठी ते नाव होते, आणि नोकरीच्या बाजारात त्याचा उपयोगही होता. शहराच्या पोटात गेलेल्या गावठाणांत त्या नावाबरोबर इंग्रजीही घरात शिरली आणि मराठी स्वयंपाकघरापुरती उरली. उत्तनच्या कोळीवाड्यांत तसे घडले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत होऊ लागली, तेव्हा आपल्याकडे लोकभाषा कोणती हा प्रश्न कोणाला पडला नाही. बोलीतले पोर्तुगीज शब्द, जाळ्याचे आणि वाऱ्याचे कोळी शब्द, आणि देवळातली प्रमाण मराठी, अशी तिहेरी भाषा घेऊन आपली मुले वाढली. हेदेखील पूल न बांधल्याचे फळ.

पण एकटे पडलेले गाव आणि शहराशी तुटलेले गाव यांत फरक आहे. मुंबई रोज उत्तनचे खात होती. कवीला डोळ लावून धरलेले बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वलांडीवर टांगायचे. तीन-चार दिवस कडक ऊन आणि वारा मिळाला की ते खडखडीत होतात. एका अवेळी पावसाने साऱ्या गावाची कमाई किनाऱ्यावर सडते, हे पाहुण्याला सांगून समजत नाही. ओल्या मासळीची पाटी घेऊन बायका अंधारात निघत; आधी पायी किंवा बैलगाडीने, नंतर एस. टी.ने भाईंदर स्थानक गाठीत आणि गाडीच्या मालडब्यातून मुंबईच्या बाजारांत उतरत. शहराशी गावाचा व्यवहार पुरुषांनी नव्हे, बायकांनी सांभाळला. मोडीचा हिशेब, मराठी-गुजराती-हिंदीतली घासाघीस, बाजारातल्या जागेचे भांडण, हे सारे त्यांनी केले, आणि संध्याकाळी घरी येऊन तेर्सला गुडघे टेकले. आमच्या आजीला मुंबईचे सगळे बाजार ठाऊक होते. राणीचा बाग तिने एकदाही पाहिला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर होड्यांना यंत्रे आली, बर्फ आला, सहकारी संस्था आल्या. नौका अनेक दिवसांच्या फेरीवर दूर पाण्यात जाऊ लागल्या. याच काळात कागदावर एक रेघ ओढली गेली. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. गोराई आणि मनोरी मुंबईत गेली, उत्तन ठाणे जिल्ह्यात राहिले. एकाच बेटाचे, एकाच सोयरिकीचे दोन कारभार झाले. रेघेच्या अलीकडे ग्रामपंचायत, पलीकडे आशियातली एक सर्वांत श्रीमंत महापालिका; मात्र मनोरीच्या लोकांना विचारले तर त्या श्रीमंतीचा झरा खाडी ओलांडून फारसा आला नाही असेच ते म्हणतील. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, पुढे उत्तन तिच्यात आले, आणि २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. गाव कागदोपत्री शहर बनले.

तेव्हापासून शांततेला भाव आला. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडले आणि मुंबईची मुले शाळेच्या सहलींतून आपल्या बेटावर येऊ लागली. बंगले, रिसॉर्ट, लग्नाची लॉन आली. २००६-०७ च्या सुमारास बेटावर मोठ्या पर्यटन क्षेत्राची, विशेष आर्थिक क्षेत्राची योजना पुढे आली, तेव्हा बेटावरचे लोक रस्त्यावर उतरले. देवळांतून त्यासाठी बैठका झाल्या. २००८ पासून मीरा-भाईंदर शहराचा कचरा धावगीच्या डोंगरावर येऊ लागला. उन्हाळ्यात तो पेटतो, पावसाळ्यात त्याचे पाणी खाली शेतांत आणि विहिरींकडे उतरते. तक्रारी, मोर्चे, न्यायालये, राष्ट्रीय हरित लवाद, सारे झाले. २०२५ मध्ये डोंगरीला मेट्रोच्या कारशेडसाठी हजारो झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून पुन्हा वाद पेटला. एका शहराला आपल्या डोंगराचा दगड हवा होता. दुसऱ्याला कधी त्याची मोकळी हवा हवी असते, कधी त्याची उतारावरची जागा.

या सगळ्यात आपल्याही पदरात दोष आहे. बाहेरच्यांनी जमिनी घेतल्या असे आपण म्हणतो. त्या विकल्या कोणी? सातबाऱ्यावरच्या सह्या आपल्याच घरांतल्या आहेत, आणि कित्येक सह्या भावाने बहिणीला न विचारता केलेल्या आहेत. मुलीच्या लग्नासाठी, मुलाला आखाती देशात धाडण्यासाठी, नौकेचे कर्ज फेडण्यासाठी जमीन गेली. ज्याच्या घरी आजारपण आहे आणि रात्री चांगल्या इस्पितळाला पोहोचायला तासभर लागतो, त्याला शांततेचे कौतुक सांगणे निर्दयपणाचे आहे. आमच्या वाड्यातील एक वृद्ध मच्छीमार म्हणतात, "पूल नको म्हणणारा बोरिवलीला राहतो." त्यांच्याशी मी पुष्कळदा वाद घातला, पण त्यांना समाधानकारक उत्तर देता आले नाही.

वसईच्या खाडीत फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली. गाडीसह माणूस काही मिनिटांत पलीकडे जातो. ज्या पाण्यासाठी १७३९ मध्ये तोफा डागल्या गेल्या, तिथे आता तिकीट काढून मोटारसायकल चढविता येते. आणि उत्तनहून विरारपर्यंत समुद्रातून सेतू बांधण्याचा आराखडा पुढे आला आहे. मच्छीमारांचा आक्षेप साधा आहे : खांब उभे राहिल्यावर डोळीच्या कवी कुठे लावायच्या, आणि वारा सुटल्या रात्री नौका बंदरात आणायच्या कोणत्या वाटेने? 'अवर लेडी ऑफ द सी' या नावाच्या देवळात त्या समुद्राचे नकाशे आता टेबलावर पसरले जातात. खलाशी त्यावर बोट ठेवून दाखवितात : ही आमची कव, हा खडक, इथे ओहोटीला पाणी कमी. नकाशात या जागांना नावे नाहीत. म्हणून गेल्या पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, काही तरुणांनी म्हाताऱ्या तांडेलांकडे बसून ती नावे वहीत उतरवून घेतली. एकतीस जुलैला वही अर्धी झाली होती. दुसऱ्या दिवशी सगळे समुद्रावर गेले.